पिट्सबर्गचे चार दिवस आणि अडीच किलोची पेटी

पिट्सबर्गला जायचं ठरलं ते भांडुपच्या आमच्या स्वयंपाकघरात, आणि ठरवलं आईने. माझा धाकटा भाऊ महेश तिथे नऊ वर्षं नोकरीला होता. एक्केचाळिसाव्या वर्षी, एका सकाळी आंघोळ करताना पडला तो उठलाच नाही. हार्ट अटॅक. त्याला इथे आणायचं तर कागदपत्रांत कितीतरी दिवस जाणार होते, म्हणून दहन तिथेच करायचं असं फोनवर ठरलं. फॉर्म ईमेलने आला. मोठी बहीण म्हणून मी सही केली. मग आई ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तू जा नि माझ्या झिलाक घेवन ये. माझ्या हातात दी. पुढचा मी बघतंय."

आई मालवणकडची. मुंबईत पन्नास वर्षं काढली तरी मनातलं बोलायचं झालं की मालवणीतच बोलते.

या ब्लॉगवर तुम्ही माझ्याबरोबर किल्ले फिरलात, हंपी-बदामी केलंत, कुठे काय खावं यावरून माझ्याशी भांडलातही. ही ट्रिप तसली नाही. तरीही रस्ते, खर्च, कागद सगळं लिहिणार आहे, कारण मला कोणी काहीच सांगितलं नव्हतं.

व्हिसा होता. दोन वर्षांपूर्वी महेशनेच मागे लागून आईचा आणि माझा काढायला लावला होता. "ताई, ये ना यार, झकास शहर आहे. नद्या काय, पूल काय!" मी आपली 'पुढच्या वर्षी बघू' करत राहिले. मूर्ख बाई. मुंबईहून पिट्सबर्गला थेट विमान नाही, न्यूयॉर्कला बदलावं लागतं. ऐनवेळचं तिकीट म्हणजे खिसा रिकामा समजायचा. दारापासून दारापर्यंत मला सव्वीस तास लागले. नोव्हेंबरात जात असाल तर जाड जाकीट आणि हातमोजे इथूनच न्या. इथल्या थंडीवर जाऊन तिथल्या थंडीचा अंदाज बांधू नका.

विमानतळावर प्रसाद आला होता. हा कांदिवलीचा मुलगा, महेशबरोबर एकाच फ्लॅटमध्ये राहायचा. महेशला पडलेलं पहिल्यांदा त्यानेच पाहिलं. शहराच्या तोंडाशी एक लांब बोगदा लागतो. त्यात शिरताना तो म्हणाला, "ताई, आता समोर बघा हां." माझं डोकंच फिरलं. मी काय शहर बघायला आलेय? पण बोगदा संपला आणि एकदम सगळं समोर आलं, पिवळे पूल, दोन्हीकडे नद्या, उंच इमारती, एकही गोष्ट आधी दिसलेली नसताना. तोंडातून "अगं बाई!" निघून गेलं, आणि मग मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंत्यविधीच्या ऑफिसात गेलो. गालिचे, मंद दिवे, फुलदाण्या. टाय लावलेला एक वयस्कर माणूस दोन्ही हातांत धरून एक काळी पेटी घेऊन आला, चपलांच्या खोक्याएवढी. वजन अडीच किलो. आत प्लॅस्टिकची जाड पिशवी होती, तोंड आवळलेली, नंबराचा बिल्ला लावलेली. मी झाकण उघडून पिशवी बाहेरून चाचपली. हाताला रव्यासारखं लागलं.

"अस्थी कुठे आहेत?" मी विचारलं. प्रसादने इंग्रजीत नीट करून सांगितलं. त्या माणसाने खाली बघत शांतपणे उत्तर दिलं, "याच त्या. दहनानंतर हाडं मशीनमध्ये बारीक करतात. सगळ्यांचीच करतात. नको असेल तर आधी सांगावं लागतं, फॉर्मवर तसं लिहिलेलं असतं."

मी सही केलेल्या फॉर्मची प्रत त्याने पुढे ठेवली. तिसऱ्या पानावर ते लिहिलेलं होतं. मी तिसरं पान वाचलं नव्हतं.

बाबा गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी काका स्मशानातून अस्थी मडक्यात घेऊन आले होते. आईने मडक्यावरचं फडकं बाजूला केलं आणि एकेक हाड दुधाने धुतलं. गुडघ्याचं कुठलं, मनगटाचं कुठलं, ती पुटपुटत ओळखत होती. बायकांनी असं करायचं नसतं म्हणून काकू कुरकुरल्या, पण आईने ऐकलं नाही. धुऊन झाल्यावर ती पहिल्यांदा रडली आणि मग जेवली. महेशला माझ्या हातात दे, असं ती म्हणाली त्याचा अर्थ मला तिथे, त्या गालिच्यावर उभं राहून कळला.

"ताई, मला खरंच माहीत नव्हतं," प्रसाद म्हणाला.

"मग मला होतं का रे?" मी ओरडलेच त्याच्यावर. तो टायवाला माणूस उठून पाणी घेऊन आला.

अस्थी भारतात न्यायला वकिलातीचं पत्र लागतं, ते यायला दोन दिवस होते. पेटी फ्लॅटवर एकटी ठेवायला मन होईना, म्हणून पाठीवरच्या बॅगेत घातली आणि प्रसाद नेईल तिकडे गेले. तिसऱ्या दिवशी त्याने इन्क्लाइन दाखवली. डोंगराच्या उतारावर रुळांवरून वर-खाली जाणारा जुना लाकडी डबा, शंभर वर्षांहून जुना. जाऊन-येऊन पाचेक डॉलर पडतात. वरून तिन्ही नद्या दिसतात, फोटोला सकाळचं ऊन बरं. शेजारी एक म्हातारा नातीला दाखवत होता, "ते सगळं पोलादाच्या गिरण्यांचं होतं. आम्ही इथे उभे राहिलो की धुराने दुपारीसुद्धा पलीकडचं दिसायचं नाही." नात म्हणाली, "आजोबा, भूक लागली." माझे बाबाही गिरणीतलेच, परळच्या. एरवी मी त्या म्हाताऱ्याशी तासभर बोलले असते. त्या दिवशी एक शब्दही बोलावासा वाटला नाही.

स्ट्रिप डिस्ट्रिक्ट नावाचा जुना बाजार आहे. चीज, कॉफी, मासळी, सगळी घाऊक दुकानं. तिथे सँडविचच्या आतच बटाट्याच्या तळलेल्या फोडी आणि कोबी कोंबतात. सुतक होतं म्हणून मी फक्त चीजचं घेतलं. बारा डॉलर, दोघांना एक पुरतं. खाताना प्रसाद म्हणाला, "दर शनिवारी महेशदा इथे यायचा. फोटो काढून तुम्हाला पाठवायचा ना?" पाठवायचा. मी उत्तरात अंगठ्याचं चिन्ह टाकून मोकळी व्हायचे.

मग पॉइंटला गेलो. दोन नद्या तिथे मिळतात आणि तिसरी होऊन पुढे जातात. टोकावर मोठी बाग आहे, प्रवेश फुकट. हिवाळ्यात कारंजं बंद असतं, वारा मात्र कानफटात बसतो. कठड्याशी आम्ही दोघंच होतो. प्रसाद हळूच म्हणाला, "ताई, एक बोलू? संगम आहे हा. इथेच सोडूया. आईंना सांगा, सगळं रीतीने झालं. त्यांना ही पिशवी दाखवायलाच नको."

खोटं कशाला बोलू, माझा हात बॅगेच्या चेनवर गेला होता. किती सोपं होतं! घरी जाऊन सांगायचं, तीन नद्यांच्या संगमावर सोडला, भटजी होते, मंत्र झाले. आई रडली असती, जेवली असती. चेन अर्धी उघडली, पेटीचं काळं झाकण दिसलं, आणि मला तिचा ओट्याला टेकलेला चेहरा आठवला. मी चेन लावून टाकली.

"तिने त्याला मागितलंय," मी म्हटलं. "जसा आहे तसा देणार. पुन्हा असलं काही सुचवू नकोस."

प्रसाद कठड्याला धरून हमसून हमसून रडायला लागला. "मी आंघोळीचं पाणी वाहताना ऐकत होतो ताई. वीस मिनिटं ऐकत होतो. म्हटलं, असेल नाहत." त्या पोरावर मी दोन दिवस डाफरत होते. त्याला जवळ घेतलं. तेवढं एकच शहाणपणाचं काम मी त्या शहरात केलं.

चौथ्या दिवशी टेकडीवरच्या बालाजीच्या देवळापर्यंत गेलो. सुतकात आत जायचं नाही, म्हणून बाहेरूनच हात जोडले. दुपारी पत्र आलं.

आता कागद. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, गेलेल्या माणसाचा रद्द केलेला पासपोर्ट आणि वकिलातीचं पत्र, सगळ्याच्या दोन-दोन प्रती हातातल्या बॅगेत वरच ठेवा. पेटी सामानात देऊ नका, जवळ ठेवा. धातूची नको, कारण ती मशीनमधून तपासतात आणि आतलं दिसलं नाही तर अडवतात. आणि सगळ्यात आधी, असा फोन तुमच्या घरी आला तर सही करण्यापूर्वी विचारा. हाडं तशीच ठेवता येतात. फक्त सांगावं लागतं.

विमानतळावरून रिक्षाने भांडुपला आले. वाटेत शंभर वाक्यं जुळवली होती. घरात आईने पाट मांडला होता, पितळी ताट, वाटीत दूध, नवं पांढरं फडकं. मी पेटी तिच्या मांडीवर ठेवली आणि तिला आधी सांगायचं ते राहूनच गेलं. तिने पिशवी सोडली, हात आत घातला. खालपर्यंत घातला, कोपऱ्यांत फिरवला, बाहेर काढून तळव्याकडे बघितलं.

"ह्येका इतको बारीक कोणी केल्यान गो?"

"मी," मी म्हटलं. "न वाचता सही केली, आई. माझी चूक."

तिने हात पुसला, पिशवी बांधली, दूध परत भांड्यात ओतलं. दोन दिवसांनी चुलतभावाबरोबर मी मालवणला जाऊन समुद्रात विसर्जन करून आले. आईला चल म्हटलं, तर म्हणाली, "तू जा. माझा काय काम थंय?"

या गोष्टीला आता चार महिने झाले. ती माझ्याशी नीट बोलते, चहा देते, रागावलेली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. परवा खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकू आल्या होत्या. मी आत चहा टाकत होते. त्यांनी विचारलं, महेशचं सगळं व्यवस्थित पार पडलं ना? आई म्हणाली, "ही गेल्ली त्येका आणूक. इतक्या लांब गेली बिचारी. पण तो गावलो नाय तिका."