मिठाईचं घर आणि शालनमावशीची खिचडी

हसणार नसाल तर सांगते. बरं, हसा! अख्ख्या गावानं हसून घेतलंय, तुम्हीच कशाला मागं राहता?

नेकनूरजवळच्या एका झेडपी शाळेत मी दुसरीची बाई. परवा शाळेला गोष्टींची रंगीत पुस्तकं आली. त्यात एक परदेशी परीकथा. जंगलात मिठाईचं घर, आत चेटकीण! पोरांना खाऊ घालघालून जाडजूड करते आणि मग भट्टीत भाजून खाते. चित्रं अशी, की मलाच घाम फुटला.

आता नुसतं वाचून दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही! मी डोक्यावर पदर घेतला, कमरेत वाकले आणि डस्टर हलवत घोगऱ्या आवाजात म्हणाले, "खा गं बाळा... अजून थोडं खा..."

पोरं चिडीचूप. मी खूश. काय रंगली होती गोष्ट!

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

शाळेची खिचडी शालनमावशी शिजवतात. डोक्यावर पदर, कमरेत वाक, हातात पळी. माझ्या वर्गातल्या सानियाच्या ताटात वाढून त्या मायेनं म्हणाल्या, "खा गं बाळा, अजून थोडं खा."

सानिया काय किंचाळली म्हणता! ताट टाकून पळाली. तिच्यामागं अख्खी दुसरी. दुसरीचं बघून पहिलीही!

"अगं बया, खिचडीत काय पडलं का काय?" मावशी घाबरल्या.

मुख्याध्यापक सरांनी तेवढंच ऐकलं. "काय पडलं? पाल पडली?" ते असे ओरडले, की पारावरच्या मंडळींना फक्त 'पाल पडली' ऐकू गेलं. दहा मिनिटांत सरपंच, दवाखान्यातल्या सिस्टर आणि पोरांच्या आया, सगळे हजर.

"पाल कुठंय? दाखवा आधी!" सरपंच गरजले. "मावशी, उद्यापासून तुमी येऊ नका."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला. "बारा वर्षं झाली मालक, माज्या भातात कदी खडा निघाला न्हाई हो!"

आता गप्प बसणं शक्य होतं का? मी पुढं झाले. "पाल नाही पडली हो. चेटकीण आहे."

"कोण चेटकीण?"

"मी. म्हणजे... गोष्टीतली."

सगळं सांगितलं. सरपंचांनी कपाळावर हात मारला. "बाई, कशापायी भेववता लेकरांला? आता तुमीच खाऊन दाखवा."

बसले मग पोरांसमोर मांडी घालून. एक ताट झालं. दुसरं झालं. मावशींनी डाव साधला. माझी नक्कल करत, पळी नाचवत म्हणाल्या, "खा गं बाळा, अजून थोडं खा!" चौथ्या ताटाला मला श्वास घेता येईना. पण एकेक पोरगं हळूच येऊन पंगतीत बसलं आणि खायला लागलं.

मला केवढा अभिमान वाटला! भीती मोडली की नाही पोरांची? सरांकडं रुबाबात बघितलं, तेवढ्यात मागून सानियाची कुजबुज ऐकू आली.

"खा गं बिनघोर. मावशी आदी बाईला खाणार हाय. लई दिवस पुरतील!"