चिंधी बांधलेलं वांगं

आमच्या घरी बारा महिने भाजी विकत आणत नाहीत, असं आबा ऑफिसात छाती फुगवून सांगायचे. माझ्या वडिलांनी जन्मात कधी खुरपं हातात धरलेलं मी पाहिलं नाही. परसात ते जायचे ते फक्त पाहुण्यांना वाफे दाखवायला, तेही चपला न काढता. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं कशाला म्हणतात ते मी शाळेत जाण्याआधीच शिकले.

धुळ्याच्या सरकारी क्वार्टरमागे जेमतेम आठ-दहा खाटा मावतील एवढी मोकळी जागा होती. ऐंशी सालानंतर आम्ही तिथं राहायला आलो तेव्हा ती नुसता मुरूम आणि फुटक्या विटा होती. आईनं त्या विटा वेचल्या, चुलीची राख, शेण, भाजीची देठं असं सगळं त्यात गाडलं आणि न्हाणीचं पाणी पाटानं वाफ्यांकडे वळवलं. आमच्या अंघोळी कधी व्हायच्या ते मेथीला पाणी कधी हवं त्यावर ठरायचं. पावसाळ्यात गिलकी आणि दोडके कंपाउंडच्या तारेवर चढायचे, थंडीत मेथी, टमाटे, कांद्याची पात. धुळ्याचा उन्हाळा म्हणजे भाजून काढणारा, पण तेव्हाही ती बांबूंवर जुनी लुगडी ताणून पोकळा आणि अंबाडी जगवायची. लोक म्हणत, वहिनींच्या हाताला गुण आहे. गुण कसला, कंबर मोडेस्तोवर वाकणं होतं ते. पण वाकणाऱ्याचं कौतुक करण्यापेक्षा गुणाचं कौतुक करणं सोपं जातं.

ह्या सगळ्या भाज्यांत आईचा जीव एका वांग्यात होता. हिरवं, पांढुरक्या रेघांचं, दोन्ही हातांत धरावं लागेल एवढं मोठं भरताचं वांगं. ते बी तिच्या माहेरचं, चाळीसगावजवळच्या खेड्यातलं. त्यांच्या घरात लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत तांदूळ-नारळाबरोबर ह्या बियाची पुरचुंडी घालत. आजीला तिच्या आईनं दिली होती, तशीच आईला मिळाली. पुढे आजी गेली आणि मामानं बाजारच्या पुडीतलं जांभळं वांगं लावायला सुरुवात केली. म्हणजे माहेरी ते बी संपलंच. आई आजूबाजूच्यांना रोपं द्यायची, पण त्यांनी वांगी खाल्ली, बदल्या झाल्या आणि ते निघून गेले. बी धरण्याची चिकाटी कुणाकडे नव्हती.

बी धरायची रीत साधी होती. सगळ्यात जोमदार झाडावरचं सगळ्यात देखणं फळ कोवळं असतानाच हेरायचं आणि त्याच्या देठाला लाल लुगड्याच्या काठाची चिंधी बांधायची. चिंधी बांधली की त्या फळाला कुणी हात लावायचा नाही. ते झाडावरच पिवळं पडू द्यायचं, मग चिरून बी धुवायचं, राखेत घोळवून सावलीत वाळवायचं. खाण्यातलं सगळ्यात चांगलं ते खायचं नाही, असा तो नियम. लहानपणी मला तो अन्याय वाटायचा. आई म्हणायची, ते तुझंच आहे, तुझ्या ओटीसाठी वाढतंय.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी मी नववीत होते. पावसाळ्यात वाफ्यात पाणी साचून पहिली रोपं कुजली, म्हणून आईनं पुरचुंडीतलं उरलंसुरलं बी झटकून पुन्हा टाकलं. त्यातली रोपं उभी राहिली आणि ऐन थंडीत त्यांना बोकड्या लागला. हा रोग आला की पानं बारीक होतात, झाड नुसतं झुडपासारखं वाढतं आणि फळ धरत नाही. एकच झाड वाचलं. त्याच्यावरच्या तीन वांग्यांना आईनं तीन चिंध्या बांधल्या. रोज सकाळी चहाच्या आधी ती त्यांना बघून यायची. घरात सगळ्यांना बजावून झालं होतं, आबांनाही, दोनदा.

आणि आबांनी ऑफिसला भरीत पार्टीचं आमंत्रण दिलं. आमच्या खानदेशात थंडीत हे असतंच. अंगणात पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी भाजायची, लाकडी बडगीत लसूण-मिरचीबरोबर ठेचायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर हाणायची. त्यात वाईट काही नाही. पण आबांनी साहेबांना सांगून ठेवलं होतं, वांगी आमच्या घरची, धुळ्यात कुठं मिळणार नाहीत अशी. घरी रोग पडलाय हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बाजारातून टोपलीभर वांगी आणली, आई भाकरी थापायला बसली.

अंगणात जाळ पेटला. वांगी भाजून काळीठिक्कर होऊन घरात यायची, मी आणि आई पाण्याचा हात लावून ती सोलायचो. भाजलेलं वांगं सगळं सारखंच दिसतं. सोलता सोलता आईचा हात थांबला. तिच्या हातातलं वांगं इतरांपेक्षा दुप्पट होतं. तिनं बोटानं ते फोडलं. आत बी धरू लागलेलं होतं, अजून पांढरं, कच्चं. शेजारी तसलीच आणखी दोन होती.

मी परसात पळत गेले. झाडावर काही नव्हतं. तीन चिंध्या कपडे वाळत घालायच्या तारेवर नीट घडी करून टाकल्या होत्या. ओढून तोडलेल्या नव्हत्या. गाठी सोडलेल्या होत्या. त्या चिंध्या पाहून मला जो राग आला तो आजही तसाच्या तसा आहे. अंधारात चुकून तोडली असती तर मी आबांना माफ केलं असतं. चुकून कुणी गाठ सोडत नाही.

परत आले तर आई ती वांगी ठेचत होती. बाहेर पानं मांडली होती, लोक बसले होते. ती वांगी साहेबांच्या पानात गेली. साहेब बिचारे भले माणूस, त्यांना काय ठाऊक. त्यांनी बोटं चाटली आणि म्हणाले, वहिनी, असं भरीत पुन्हा मिळालं पाहिजे. आईनं आणखी भाकरी वाढली. आबा हसत होते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून पुण्य मिळवल्यावर माणूस जसं हसतो तसं.

पाहुणे गेल्यावर आईनं एकच विचारलं. "गाठ दिसनी ना तुम्हले? मंग ती सोडी कशी?"

आबा गावाकडची बोली घरात बोलत नसत, कमीपणा वाटायचा. भूक लागली तरच ती तोंडात यायची. ते शुद्ध भाषेत म्हणाले, "तीन वांग्यांसाठी एवढं काय? बी बाजारात मिळतं. साहेबांना शब्द दिला होता."

आईनं महिनाभर त्या झाडाला पाणी घातलं. फुलं आली, गळली. मग त्या झाडालाही बोकड्या लागला आणि एके दिवशी तिनं ते उपटून चुलीत घातलं. भाजीपाला बारा महिने पिकत राहिला, त्यात खंड पडला नाही. फक्त बी ती बाजाराचं वापरू लागली, आणि ते आणायला दर हंगामाला आबांनाच पाठवायची. चिंधी तिनं पुन्हा कशालाही बांधली नाही.

माझं लग्न नव्वदनंतर झालं, शिरपूरला दिलं मला. मांडवात, सासरच्या माणसांसमोर, आबांनी खिशातून एक चकचकीत पुडी काढली. तिच्यावर वांग्याचं रंगीत चित्र होतं. आमच्यात लेकीला वांग्याचं बी देतात, जुनी पद्धत आहे, असं ते माझ्या सासऱ्यांना मोठ्या अभिमानानं सांगत होते. मी आईकडे पाहिलं. तिनं मान फिरवली नाही की डोळ्यांना पदर लावला नाही. माझी ओटी भरताना तिनं तांदळाखाली त्या तीन चिंध्या सरकवल्या. "ली जाय, माय," एवढंच म्हणाली.

सासरी मागच्या अंगणात मी ती पुडी पेरली, फुकट घालवणं जिवावर आलं म्हणून. वांगी छान आली. मी आईसारखं चांगलं फळ निवडलं, चिंधी बांधली, बी धरलं आणि पुढच्या वर्षी लावलं. एक झाड दुसऱ्यासारखं नाही. कुणाचं फळ लहान, कुणाचं वाकडं, कुणाचं कडू. संकरित बियाचं तसंच होतं, मला नंतर कळलं. तरीही त्यातल्या बऱ्या दिसणाऱ्या फळाला मी चिंधी बांधली. हाताला सवय होती म्हणा, नाहीतर हट्ट म्हणा.

त्या थंडीत आबा निवृत्त होऊन पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आले. अंगणात फिरता फिरता त्या झाडापाशी थांबले. वांग्याकडे हात गेला, चिंधी दिसली आणि त्यांनी हात मागे घेतला.

"हे बियाचं दिसतं," ते म्हणाले. "राहू दे. ह्याला हात लावायचा नसतो."

माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. मला संताप आला. आईच्या परसात, पार्टीच्या त्या एका संध्याकाळी त्यांना हे वाक्य सुचलं असतं तर माझी ओटी त्या बियावाचून राहिली नसती. मी पुढे झाले, त्यांच्यासमोर गाठ सोडली, चिंधीची घडी केली आणि वांगं तोडलं.

"अगं, बी?" आबा म्हणाले.

"ह्याच्यातून काही येत नाही, आबा," मी म्हटलं. "बाजारात मिळतं."

त्या रात्री मी त्यांना भरीत वाढलं. खाली मान घालून त्यांनी पानातलं सगळं संपवलं, आणि मी त्यांना आणखी वाढलं.