मोबाईलवर वेगळं दिसणारं पान

ती सकाळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही. पुण्याचं एक कुटुंब सामानासकट मी प्रमुख असलेल्या पोलीस ठाण्यात येऊन उभं होतं. काशीदला कॉटेज ठरवून त्यांनी सगळे पैसे आगाऊ भरले होते. पोहोचल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, तुमचं बुकिंगच नाही. अशी ही पहिलीच तक्रार नव्हती, आणि दर वेळी कॉटेज तेच.

त्या बाईंचा नवरा मुंबईला गोदीत कामाला. नारळांच्या वाडीतल्या दोन खोल्या त्या एकट्या चालवत. ठाणे अंमलदारासमोर खुर्ची दिली तरी त्या बसल्या नाहीत.

"सायेब, मी कोनाचा पैसा घेतला न्हाय. मला फोन आलाच न्हाय."

"तुमच्याच पानावरचा नंबर लावला मी!" पुण्याचे गृहस्थ भडकले. "साहेब, यांना आत टाका."

पान म्हणजे वेबसाइटवरचं. तिथल्या कॉटेजवाल्यांच्या मंडळाने एक वेबसाइट केली होती. प्रत्येक कॉटेजला एक पान. वर फोटो, मग माहिती, तळाला मालकाचा नंबर. आमच्या हवालदार बाईंनी ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर ते पान उघडलं. नंबर मालकीणबाईंचाच होता. पाहुण्यांनी फोन लावलेला आणि पैसे पाठवलेला नंबर भलताच. म्हणजे या बाई दोन नंबर वापरतात, असं दिसत होतं. तेवढ्यात मंडळाचे सचिव ठाण्यात आले. त्यांचंही गावात मोठं कॉटेज होतं. "गावाची बदनामी होतेय. साहेब, गुन्हा दाखल करा आणि मोकळे व्हा," एवढं बोलून ते निघून गेले.

मोकळं होणं सोपं होतं. पण खोटं बोलणारा माणूस दर खेपेला गोष्टीत काहीतरी नवं घालतो, हे मी नोकरीत अनेकदा पाहिलं होतं. या बाई मात्र पुन्हा पुन्हा तेवढंच सांगत होत्या.

मी पुण्याच्या गृहस्थांना विचारलं, "तुम्ही पान कशावर पाहिलंत?"

"मोबाईलवर."

"मग आत्ताही मोबाईलवरच उघडा."

त्यांनी उघडलं आणि आम्ही सगळेच वाकून बघत राहिलो. कॉटेज तेच, फोटो तेच, पण मांडणी निराळी. फोटोच्याही वर ठळक हिरवी पट्टी, तिच्यात 'बुकिंगसाठी फोन करा' आणि तो भलता नंबर. तळाचा बाईंचा नंबर गायब. इतर कॉटेजची पानं आम्ही एकेक करून मोबाईलवर पाहिली. ती सगळी जशीच्या तशी. कुणीतरी फक्त या एका पानाची मांडणी बदलली होती, तीही फक्त मोबाईलपुरती. बाईंकडे बटणांचा साधा फोन. हे पान त्यांना कधी दिसणारच नव्हतं. ज्याला एवढं ठाऊक होतं, तो बाहेरचा असणं अवघड.

वेबसाइट बनवणाऱ्याला म्हसळ्याहून बोलावून जबाब घेतला. तो म्हणाला, "मी सगळ्या पानांना एकच साचा लावून दिला होता. एखाद्या पानाची मांडणी वेगळी करता येते, पण पासवर्ड दोघांकडेच. माझ्याकडे आणि सचिवांकडे."

"सचिवांना जमतं का हे?"

"ते तर म्हणतात, कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही."

त्याच दिवशी एका रिक्षावाल्याने खबर दिली. "सायेब, बाईंच्या दारातून परत फिरलेले पाव्हने दर टायमाला सचिवांच्याच कॉटेजवर जातात. ते सोता येऊन नेतात."

दुसऱ्या दिवशी सचिवांना चौकशीसाठी बोलावलं. आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि त्यांच्या कॉटेजचं पान उघडलं. समुद्राचा रुंद फोटो, बाजूला जेवणाचे प्रकार. पान खरोखर देखणं होतं.

"छान केलंय हो त्या म्हसळेकराने," मी म्हणालो.

ते त्यांना सहन झालं नाही. "तो कसला करतोय! त्याने सगळ्यांना एका साच्यात कोंबलं. हे मी केलंय."

"एकाच पानाचं बदलता येतं?"

"येतं की. पान निवडायचं, मांडणी बदलायची. मोबाईलला वेगळी, कॉम्प्युटरला वेगळी. बाकीच्या पानांना धक्का लागत नाही."

मी माझ्या मोबाईलवर बाईंचं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. हिरवी पट्टी अजून तिथेच होती. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पाहुणे आधी तिच्याकडे जातात, साहेब. माझ्या खोल्या रिकाम्या राहतात."

पुढचं काम रीतसर झालं. बदल कुणाच्या लॉगिनने झाले ते सायबर शाखेने काढून दिलं. त्या नंबरचं सिमकार्ड सचिवांच्या घरी पंचांसमक्ष जप्त झालं. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला आणि दोषारोपपत्रही गेलं.

पण एक काम बाकी आहे असं मला वाटत होतं. एका दुपारी मी गणवेशात गावात गेलो, देवळासमोर लोकांना बोलावलं आणि काय घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. "या बाईंनी कुणालाही फसवलेलं नाही," हे वाक्य मुद्दाम दोनदा म्हटलं. पुण्याचे गृहस्थ त्या दिवशी आवर्जून आले होते. सगळ्यांदेखत त्यांनी बाईंची माफी मागितली. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "आता जेवूनच जायचं. खोली उघडून ठेवलीय."

या तपासाने मला दोन गोष्टी शिकवल्या. माणूस चोरी लपवतो, पण आपलं कसब त्याला लपवता येत नाही. दुसरी गोष्ट मी हाताखालच्या प्रत्येक अधिकाऱ्याला सांगत आलो. आरोपी सापडला की गुन्ह्याचा तपास संपतो, पण ज्याच्यावर खोटा आळ आला त्याच्यासाठी काहीच संपलेलं नसतं. त्याचं नाव चार लोकांत गेलं असेल, तर ते चार लोकांतच परत द्यायला हवं. हे कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही. मी ते केलं, आणि माझ्या साऱ्या नोकरीत मला सर्वांत जास्त अभिमान त्याच दुपारचा आहे.