पडद्यावरचा बांध

विनूदादा गेल्याचा फोन रोह्याहून त्याच्या मुलीने केला, आणि माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "नक्की ना?" तीस वर्षं दादाच्या संगतीत काढलेल्या माणसाला सूर्य उगवला तरी तो कालचाच आहे का, अशी शंका येते.

दादा जोहे गावचा गणपतीचा मूर्तिकार. मूर्तीचे चहूबाजूंनी शंभरेक फोटो काढून कॉम्प्युटरवर अख्खी मूर्ती उभी करायची, ही विद्या तो उतारवयात शिकला आणि तीच त्याने आमच्या खाडीच्या बांधाला लावली. आधीचा बांध आणि नंतरचा बांध पडद्यावर एकावर एक ठेवायचे. खचलेली जागा लाल दिसते. बांधाच्या आत माझं भात. तो फुटला तर खारं पाणी थेट चुलीपर्यंत.

मापं जुळावीत म्हणून दादाने बांधावरच्या दगडांवर खुणेचे पांढरे ठिपके दिले. कोणाला सांगितलं नाही. बांधाच्या दुरुस्तीचं काम घेतलेल्या ठेकेदाराच्या कानावर जाईल हा संशय. आणि आमच्या तालुक्यात दगडावर पांढरा ठिपका म्हणजे कंपनीची मोजणी, जमीन गेली! अर्ध्या तासात सगळा गाव घासण्या घेऊन बांधावर. दोन दगड तर मीच खाडीत लोटले. एकेक हत्तीएवढा होता.

पुढच्या खेपेला दादा बांधावर शोधत उभा. "दगड गेले कुठं रे?"

"म्हशींनी ढकलले असतील."

"आणि ठिपके काय चाटले त्यांनी?" मग स्वतःच म्हणाला, "ठेकेदाराचीच माणसं. दुसरं कोण?" मी मान डोलावली…

पुढे दुरुस्ती झाली. वर ताजा मुरूम, नारळ फुटला. दादा म्हणाला, "रंग दिला म्हणून पोकळ मूर्ती भरीव होत नाय." बांधातला पाणी सोडायचा पक्का दरवाजा खूण धरून त्याने पुन्हा मापं जुळवली आणि ग्रामसभेत पडदा लावला. खाडीकडची बाजू लालभडक. ठेकेदाराचा माणूस हसला, "खुणेचे दगडच नाहीत, मग कशावरून खरं मानायचं?" दादाने सगळ्यांकडे पाहिलं. मी चपलेकडे.

परवा त्याच्या मूर्तींच्या कारखान्यात गेलो. वहिनींनी कॉम्प्युटर सुरू करून दिला. न राहवून मी विचारलं, "दगडांबद्दल दादा काय बोलायचा?"

"सगळ्या गावाचा संशय घ्यायचे. तुमचा नाय, भावजी. म्हणायचे, त्याचं शेत आत हाय, तो कशाला ढकलील?"

मी त्याच्या स्टुलावर बसून बांध फिरवत राहिलो. खाडीकडची बाजू अजून लाल होती… सोमवारी ग्रामसभा आहे. दगड कोणी ढकलले ते तिथे सांगणार आहे. पण आधी वहिनींना सांगायचं होतं, आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या होत्या.