वहिनीचा लॅपटॉप आणि नानांचा कूलर

नणंदेने भावजयीचं कौतुक करू नये असा काही नियम नाही, तरी आमच्याकडे ते जरा जपूनच करतात. मी आज मोकळेपणी करते.

माझी वहिनी लग्नांचे व्हिडिओ जोडून देते. मेहरूण भागातल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीतल्या टेबलावर तिचा लॅपटॉप दिवसभर घुरघुरत असतो. मे महिन्यात मी माहेरी गेले होते. वहिनी जेवायला उठली आणि नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्या तापलेल्या यंत्राची दया आली. त्यांनी स्वतःच्या खाटेकडचा कूलर फिरवून थेट त्याच्यासमोर लावला. उन्हाळ्यात आमच्या घरी माया करायची हीच रीत. पाहुणा आला की आधी कूलर त्याच्याकडे वळतो. ओला वारा खाऊन थोड्या वेळाने लॅपटॉपने मान टाकली.

वहिनीने लॅपटॉपच्या जाळीवरून बोट फिरवलं, ते ओलं झालं. तिने कूलरकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. मी सारखी म्हणत होते, बटण दाबून तर बघ. ती म्हणाली, ओल असताना आत वीज सोडली तर उरलंसुरलंही जळेल. तिने चार्जर काढला, मागचं झाकण उघडून बॅटरी सोडवली, सुटे भाग कापडावर मांडले. त्या लॅपटॉपमध्ये एका कापडवाल्या शेठजींच्या लेकीचं अख्खं लग्न होतं. कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या लग्नासाठी रिकामं केलेलं, दुसरी प्रत घ्यायची राहिलेली.

मी असते तर लाईट गेलीय म्हणून दिवस ढकलले असते. वहिनीने शेठजींना तिथल्या तिथे फोन लावला. मशीन बंद पडलंय, सुरू झालं नाही तर लग्न परत मिळणार नाही, आणि चूक माझी आहे, असं सरळ सांगितलं. इतका आदर मला तिच्याविषयी त्याआधी कधी वाटला नव्हता.

खोली कोरडी हवी म्हणून तिने कूलर बंद केला. नाना वर्तमानपत्राने वारा घेत घामाघूम बसले, पण जागचे हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सगळं जोडून बटण दाबलं. पडदा काळाच. मग आतला पंखा फिरला, पडदा उजळला आणि थोड्या वेळाने नवरी मांडवात हसताना दिसली.

"बठ्ठं शे ना?" सगळं लग्न शाबूत आहे ना, असं नानांनी विचारलं.

"बठ्ठं शे, नाना."

"मंग बंद कसं पडनं व्हतं?"

मी तोंड उघडलं. वहिनीने डोळ्यांनीच मला गप्प केलं, कूलर सुरू करून नानांच्या खाटेकडे वळवला आणि म्हणाली, "त्याले गार वारा पचत नही. तो तुमलेच ऱ्हाऊ द्या."

नानांनी कूलरकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. मग उठून त्यांनी खांद्यावरच्या कोरड्या रुमालाने लॅपटॉपची कड पुसली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "शेठले सांग, चूक तुनी नही, मनी व्हती."