वाफेत वाढलेली घटपर्णी

साबणाच्या वाफेचा वास आला की मला अजून आत्याचं दुकान आठवतं. ती लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून द्यायची. मागच्या खोलीत वाफ कोंडलेली असायची. माणसं तिथे टिकत नसत, पण आत्याच्या घटपर्णीला ती हवा भलतीच मानवली होती. पानांच्या टोकांनी पाइपला विळखे घालत वेल छतापर्यंत गेली होती. तिला लोंबणाऱ्या झाकणवाल्या सुरयांत माश्या पडायच्या. आत्याचा राग सदा नाकावर, पण वेलीशी बोलताना आवाज मऊ. मला हेवा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर आजही वाटतो.

गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा आत्या दुकान सोडून आमच्याकडे राहायला आली. प्रश्न वेलीचा होता. विळखे सुटेनात, ती लावलेला टब हलेना. या वेलींत नर-मादी वेगळे असतात आणि ही एकटी मादी, म्हणजे बियांची आशाच नव्हती. आत्याने मन घट्ट करून वेल बुडाशी कापली. दोन-तीन पेरांचे तुकडे केले, पानं अर्धी छाटली आणि आमच्या घरी आणून ओल्या शेवाळात खोचून वर बरण्या पालथ्या घातल्या.

घोळ घातला बाबांनी. ते गुलाबवाले. बहिणीला लवकर सुरया दिसाव्यात म्हणून त्यांनी गुपचूप खत घातलं. ज्या वेलीला निकस मातीच लागते, तिला ते कुठून पचणार? सगळे तुकडे काळे पडले. आत्या भांडली असती तर परवडलं असतं. ती बोलायचीच बंद झाली.

शेवटी मी तिला दुकानात घेऊन गेले. तिथे आता दुसऱ्या बाई तेच काम करत होत्या. टब जागेवरच होता, आणि कापलेल्या बुंध्यापाशी, अगदी मातीलगत, नवे कोंब फुटले होते. एकाला अंगठ्याएवढी सुरईसुद्धा आली होती. आत्याचे डोळे भरून आले.

बाई म्हणाल्या, मुळासकट एक कोंब काढून देते, घरी न्या. आत्याने मान हलवली.

"नको. तिकडे नाही जगायची ती."

मग स्टूल ओढून ती वाफेत बसली. बराच वेळ उठेना. मी निघायचं म्हटलं, तर माझ्याकडे न बघता तिने बाईंना विचारलं,

"बसून घड्या घालायला कुणी हवंय का तुम्हाला?"