बंबाच्या वाटेतली चूल

आंबोलीत बेला आंटीच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नाही, आणि तिच्या हातचा, बाटल्यांत भरून वर्षभर पुरवायचा बाटली मसाला एकदा खाल्ला की तिच्यावर रुसून बसायचीही सोय नाही. उन्हाळा लागला की इमारतीच्या बाजूच्या शेडमध्ये तिची चूल पेटायची. खापरात मिरच्या, धणे, तीळ, मोहरी एकेक करून भाजली जायची आणि वरचे तिन्ही मजले शिंकत बसायचे. मापं मात्र तिने शेजारणींना कधी सांगितली नाहीत. सासूने जाताना बजावलं होतं, ही मापं घराबाहेर जाता कामा नयेत.

इमारत तिच्या सासऱ्याच्याच वाडीवर उभी आहे. बिल्डरने लोकांना राहायला आणलं आणि ओसी, म्हणजे पालिकेचा राहण्याचा दाखला, न घेताच पोबारा केला. पुढची कित्येक वर्षं सगळे तसेच राहिले. मग जुन्या इमारतींना ओसी मिळायची सोय झाली आणि तिसऱ्या मजल्यावरचा मालवणी नंदू, सोसायटीचा सेक्रेटरी, कंबर कसून मागे लागला. दीप्ती नावाची आर्किटेक्ट येऊन सगळं बघून गेली.

"जिना अरुंद आहे, पण बांधला तेव्हाच्या नियमात बसतो," ती म्हणाली. "बाजूची जागा मात्र मोकळी हवी. आग लागली तर बंब तिथूनच आत येणार. त्याला माफी नाही."

बाजूची जागा म्हणजे बेलाची शेड. घरातल्या गॅसवर एवढा मसाला भाजणं होत नाही. चूल गेली म्हणजे मसाला गेला, आणि सासूनंतर तिच्याकडे उरलेलं तेवढंच होतं. मीटिंगला ती पदर खोचूनच गेली, भांडायच्या तयारीने. पण शेडचा विषयच कुणी काढला नाही. तिला उलट चुकल्यासारखं झालं.

पालिकेच्या तपासणीच्या दिवशी सकाळी बघते तर नंदू स्टुलावर चढून शेडला आंब्याचे टहाळे बांधतोय.

"हे काय रे, नंद्या?"

"मांडव. तुम्हा वाडीवाल्यांत लग्नाला घालतात ना? साहेबांना सांगू, दोन दिवसांत निघेल. सगळ्यांचं ठरलंय, आंटी. तू फक्त गप्प बस."

डबा घेऊन बेला वर गेली. नंदूची आई मालन अंथरुणाला खिळलेली, तिला रोज बेलाच्या हातची कढी लागते. खिडकीतून मालनला सगळं दिसत होतं.

"बरा केलानी पोरांनी," मालन म्हणाली. "तुझी चूल रवाक व्हयी गो. माझा काय, मी खंय आता खाली उतरतंय."

बेलाने चमचा खाली ठेवला. आग लागलीच तर बंबाची शिडी लागणार ती हिलाच, आणि हीच आपल्या चुलीला राहू दे म्हणतेय. ती खाली आली तेव्हा साहेब टहाळ्यांकडेच बघत होते.

"कुणाचं लग्न?"

"कुणाचं नाही," बेला म्हणाली. "ही माझी शेड आहे. पाडते मी. नंतर पुन्हा बघायला या."

"आंटी, वाट लावलीस ना," नंदू कुजबुजला.

"गप रे. पहार आण आधी."

शेड गेली. साहेब पुन्हा येऊन बघून गेले, ओसी आली, नंदूने पेढे वाटले. उन्हाळा आला तेव्हा बेलाने मिरच्या आणल्याच नाहीत. त्या ओक्याबोक्या जागेकडे बघवेना म्हणून ती बाजूची खिडकी बंद करून बसायची. एके सकाळी नंदूची बायको अनुपमा दारात उभी राहिली.

"आंटी, तीळ मी भाजते. धणे पहिल्या मजल्यावर, मोहरी दुसऱ्या मजल्यावर शुभाकडे. मिरच्या सगळ्यांत वाटून घेऊ. फक्त किती भाजायचं ते सांग."

बेला चपला घालून जिना चढली आणि दारोदार जाऊन प्रत्येकीला तिच्या वाट्याचं माप सांगून आली. त्या दिवशी आख्खी इमारत शिंकली. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून बाटल्या भरल्या. पहिली बाटली बेलाने मालनच्या उशाशी नेऊन ठेवली आणि तिचा हात धरून मनसोक्त रडली.

"आणि सासूला दिलेला शब्द गं?" शुभाने मागाहून विचारलंच.

"पाळलाय ना," बेला म्हणाली. "मी कुठे घराबाहेर सांगितलं?"